ओल्या सरपणाचा हिशेब

सुक्याबरोबर ओलेही जळते, अशी आपल्याकडे म्हण आहे. चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा अनुभव मात्र नेमका उलटा असतो. तिथे ओल्याबरोबर सुकेही वाया जाते. चार वाळक्या काटक्यांनी पेट घेतलेला असतो, तोच वर ठेवलेल्या ओल्या लाकडाच्या टोकाशी फेस येतो, चर्र आवाज होतो, जाळ बसतो आणि घर धुराने भरते. असे का होते आणि त्यावर उपाय काय, ते आज पाहू या.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून खेड्यापाड्यांतून गॅसची शेगडी पोचली, हे खरे. तरीपण अंघोळीचे पाणी, भाकऱ्या, जनावरांचे आंबोण, आणि टाकी संपली की सगळाच स्वयंपाक, पुष्कळ घरी चुलीवर होतो. तेव्हा सरपणाची काळजी अजून मिटलेली नाही.

आता थोडा हिशेब करू. नुकत्याच तोडलेल्या लाकडात पुष्कळदा वजनाच्या निम्म्यापर्यंत पाणी असते. म्हणजे डोक्यावरून आणलेली वीस किलोची मोळी घेतली, तर तिच्यात दहा किलो लाकूड आणि दहा किलो पाणी. एवढे पाणी आपण रानातून वाहून आणतो आणि चुलीत घालतो!

हे पाणी वाफ होऊन गेल्याखेरीज लाकूड शंभर अंशांच्या फारसे वर तापत नाही. एक लिटर पाणी साध्या पाण्याच्या उष्णतेपासून उकळीपर्यंत आणायला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता लागते. पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. तेव्हा एक किलो ओल्या लाकडातले अर्धा किलो पाणी घालवायला ३०० च्या आसपास किलोकॅलरी गेल्या. तेवढ्या उष्णतेत चार लिटर पाण्याला उकळी आली असती. ती उष्णता हंड्याला न लागता वाफेवाटे निघून गेली.

हिशेब इथेच संपत नाही. लाकूड जळते म्हणजे काय होते? लाकूड चांगले तापले की त्यातून जळाऊ वायू निघतात, ते वायू पेटतात, तीच ज्वाळा. हे वायू पुरते जळायला चुलीत मोठी धग लागते. ओल्या लाकडाने चूल थंड पडली, की वायू निघतात पण पेटत नाहीत. त्यांचाच धूर होतो. धूर म्हणजे न जळलेले सरपण, हे ध्यानात ठेवा. जे भांड्याखाली जळायचे ते डोळ्यांत आणि छातीत जाते, उरलेले काजळी होऊन आढ्याला चिकटते. धुरांड्याची सुधारलेली चूल असली तरी ओल्या लाकडाने तिचा पाइप लवकर तुंबतो.

धुराची किंमत लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे, घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुले दोन लाखांहून अधिक होती. कारण उघड आहे. आई चुलीपाशी, तर मूल आईपाशी.

यावर कुणी म्हणेल, "अहो, पण ओलं लाकूड जास्त वेळ पुरतं!" पुरते खरे, पण काम किती करते? जाळ किती वेळ राहिला ते मोजू नका. एका मोळीत किती भाकऱ्या झाल्या ते मोजा. मग ओले लाकूड किती महाग पडते ते कळेल. फुंकणीने निखारा फुलतो, लाकडातले पाणी काही उडत नाही. आणि पेटत नाही म्हणून रॉकेल ओतणे किंवा प्लास्टिकची पिशवी चुलीत घालणे, हे तर कधीच करू नये. पहिल्याने भडका उडतो, दुसऱ्याने विषारी धूर होतो.

उपाय सोपा आहे, फक्त तो वेळेवर करायला हवा. दिवाळीच्या सुमारास आणलेले लाकूड लगेच फोडून ठेवा. अखंड ओंडका सालीसकट वर्षभर पडला तरी आत ओला राहतो. मनगटाएवढे तुकडे केले, तर मृगापर्यंत चांगले वाळतात. ते जमिनीवर टाकू नका. खाली दगड किंवा दोन ओंडके घालून, मध्ये फटी ठेवून रचा. वरून छप्पर हवे, पण बाजू मोकळ्या असाव्यात. चारी बाजूंनी कागद गुंडाळला तर ओल आतच कोंडते.

वाळलेले लाकूड ओळखावे कसे? टोकांना भेगा पडतात, साल सुटते, ते हाताला हलके लागते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो. एक भेद मात्र लक्षात असू द्या. वाळलेल्या लाकडावर पावसाची सर आली, तर ती ओल वरवरची असते आणि दोन दिवसांच्या उन्हाने जाते. झाडाची मुरलेली ओल जायला महिने लागतात.

गुरुजींना आणि बाईंना इथे एक सूचना. ताज्या लाकडाचे फोडलेले तुकडे एक किलो तोलून शाळेच्या ओसरीवर ठेवा. शेजारी तेवढ्याच वजनाचा अखंड ओंडका ठेवा. दर शनिवारी मुलांकडून दोन्ही तोलून घ्या आणि आकडे फळ्यावर मांडा. किलोचे सहाशे ग्रॅम झाले, तर चारशे ग्रॅम पाणी गेले. फोडलेले किती लवकर हलके होते आणि ओंडका किती मागे राहतो, ते मुले स्वतःच पाहतील आणि घरी जाऊन सांगतील.

वाळलेल्या सरपणाने धूर अगदी नाहीसा होत नाही, कमी होतो. म्हणून स्वयंपाकघराला वर झरोका हवाच आणि तान्हे मूल चुलीपासून दूरच निजवावे. पावसाळ्याची धान्याची बेगमी आपण करतो, तशीच सरपणाचीही करावी. आणि लाकूड फोडून रचण्याचे काम एकट्या बाईवर टाकू नये. घरातल्या पुरुषांनी दिवाळीनंतर दोन दिवस कुऱ्हाड हाती घेतली, तर पावसाळाभर घरातल्या सगळ्यांचे डोळे त्यांना दुवा देतील.