जिन्याखालचं सिम

उपनगरातल्या जवळपास प्रत्येक इमारतीत एक खोली अशी असते जिच्यात कुणी डोकावत नाही: मीटरची खोली. जिन्याखाली नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात, जाळीच्या दाराआड. आत ओळीने लावलेले मीटर आणि एका बाजूला वॉचमनने ठेवलेला झाडू. महिन्यातून एकदा रीडिंग घेणारा माणूस यायचा, आता बऱ्याच ठिकाणी तोही येत नाही. कारण आतले मीटर बदलत चालले आहेत. बोरिवली, अंधेरी, घाटकोपरला अदानी किंवा टाटा पॉवर, मुलुंडला महावितरण. कंपनी कुठलीही असो, नवा स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने वापराचे आकडे टिपून ठेवतो आणि आपले आपण पाठवून देतो. यातल्या अनेक मीटरांच्या पोटात मोबाइलसारखाच एक मॉडेम असतो, आणि मॉडेमच्या बाजूला सिम. आपण गाढ झोपेत असतो तेव्हा जिन्याखालून टॉवरशी बोलणं चालू असतं.

आता एक साधा प्रश्न. मीटर भिंतीवर दहा-दहा वर्षं राहणार. त्याच्या सिमवरची मोबाइल कंपनी तेवढी टिकेल का?

मुंबईकराने याचं उत्तर बोटांवर मोजावं. नव्वदच्या दशकात इथे ‘मॅक्स टच’ होती. तिची ‘ऑरेंज’ झाली, मग ‘हच’, २००७मध्ये ‘व्होडाफोन’. २०१८मध्ये ती आयडियात मिसळली आणि २०२०मध्ये ‘वी’ म्हणून नव्याने अवतरली. तिच्या जोडीची ‘बीपीएल मोबाइल’ २००९मध्ये ‘लूप’ झाली आणि नोव्हेंबर २०१४मध्ये परवान्याची मुदत संपली तशी दिसेनाशी झाली. लूपच्या ग्राहकांनी काय केलं? नंबर दुसऱ्या कंपनीत नेला, जुनं सिम काढलं, नवं बसवलं. दोन मिनिटांचं काम.

मीटरच्या बाबतीत मात्र ही दोन मिनिटं कशी फुगतात ते बघा. मुंबईच्या उपनगरांत अदानीचे सुमारे तीस लाख वीजग्राहक आहेत. सगळ्यांकडे सिमवाला मीटर आहे असं धरू, आणि एका मीटरचं सील काढून सिम बदलून पुन्हा सील करायला दहाच मिनिटं लागतात असंही धरू. एकाच माणसाने रविवार-दिवाळी न पाळता रोज आठ तास हे काम केलं, तर त्याला सुमारे १७१ वर्षं लागतील. म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुरू झाल्यावर काही वर्षांतच तो कामाला लागला असता, तर आज कुठे शेवटच्या इमारतीच्या आसपास पोहोचला असता.

म्हणून सिमच बदलायला हवं, पण सिमला हात न लावता. हे शक्य आहे, आणि ते कसं होतं ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

पहिलं सिम १९९१ साली म्युनिकच्या गीसेके अँड डेव्ह्रिएंट कंपनीने बनवलं. फिनलंडच्या रेडिओलिन्या या मोबाइल कंपनीने अशी तीनशे कार्डं घेतली. आकार बँकेच्या कार्डाएवढा! पुढे ते २५ बाय १५ मिलिमीटर झालं, मग मायक्रो, आणि २०१२मध्ये १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं नॅनो. त्या काळात स्टेशनबाहेरच्या मोबाइलच्या दुकानांत कटरने सिम कापून मिळायचं ते आठवत असेल. कापलेलं सिम चालायचं, कारण कमी होत होतं ते नुसतं प्लास्टिक. खरा जीव सोनेरी पट्ट्याखालच्या चिपमध्ये.

यंत्रांसाठी मग प्लास्टिक पार काढूनच टाकलं. ६ बाय ५ मिलिमीटरची, साधारण तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी चिप थेट सर्किट बोर्डावर सोल्डर करतात. आपल्या हवेत हे फार सोयीचं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावरच्या कितीतरी मीटरच्या खोल्या पाण्याखाली गेल्या. तो प्रसंग विरळा. पण दरवर्षीची चार महिन्यांची ओल काही चुकत नाही. खाचेत बसवलेल्या कार्डाच्या संपर्कांवर गंज चढतो, सोल्डर केलेल्या चिपला ती भीती फार कमी. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे वेगळी चिपच नाही: सिम मॉडेमच्या चिपमध्येच एका बंदिस्त कोपऱ्यात राहतं. बोट ठेवून ‘हे बघा सिम’ म्हणावं अशी वस्तूच उरत नाही.

इथे गोष्ट फर्मवेअरवर येते. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आत कायमचा मुक्काम ठोकून बसलेलं सॉफ्टवेअर. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात लिहिताना जे सिम होतं, त्याच्या सवयी नकळत त्यात उतरतात. खाचेतल्या कार्डाचंच घ्या. कार्ड आत बसलं की एक चिमुकला खटका दाबला जातो आणि ‘कार्ड आलं’ असा इशारा मिळतो. सोल्डर केलेल्या चिपला खटका कुठला? खटक्याची वाट बघायला शिकलेलं फर्मवेअर नव्या बोर्डावर ‘सिम नाही, सिम नाही’ म्हणत बसतं, आणि सिम तर त्याच्या नाकाखाली असतं.

खटक्याचा नाद सोडून विचारून बघणं हा त्यावरचा उपाय. सिमची चौकशी कशी होते ते ऐकण्यासारखं आहे. मॉडेम आधी सगळ्यात कमी, १.८ व्होल्टची वीज देतो आणि कान देऊन थांबतो. उत्तर नाही आलं तर वीज काढून घेतो, क्षणभर थांबतो, ३ व्होल्टने पुन्हा विचारतो. जुन्या कार्डांना जास्त दाब लागायचा, नव्यांना तो सोसणार नाही, म्हणून ही सावध चढण. सिम जागं झालं की जास्तीत जास्त ३३ बाइटांत आपली ओळख सांगतं. मग टॉवरकडून एक भलामोठा आकडा येतो, दर वेळी नवा. सिम आपल्या गुप्त किल्लीने त्यावर गणित करून उत्तर देतं. तेच गणित कंपनीच्या संगणकावरही झालेलं असतं. दोन्ही उत्तरं जुळली की आत प्रवेश. किल्ली स्वतः चिपबाहेर कधीच पडत नाही, मीटरच्या फर्मवेअरलाही ती दिसत नाही.

आता कंपनी बदलायची. ज्यात दुरूनच कंपनी बदलता येते ते सिम म्हणजे ई-सिम. तो एक फ्लॅट आहे असं समजा. चिप हा फ्लॅट, मोबाइल कंपनीचं ‘प्रोफाइल’ हा भाडेकरू. प्रोफाइलमध्ये कंपनीची किल्ली, क्रमांक, नेटवर्कची नावं असा सगळा संसार असतो, आणि तो टॉवरमार्गे, कुलूपबंद पेटीतून चिपमध्ये उतरवता येतो. फोनवर आपण क्यूआर कोड स्कॅन करून हेच करतो. पण मीटरला ना स्क्रीन, ना तो कोड दाखवणारा हात. म्हणून मोबाइल कंपन्यांच्या जीएसएमए या जागतिक संघटनेने २०२३मध्ये यंत्रांसाठी ‘एसजीपी ३२’ ही नवी पद्धत ठरवली. दूरवरचा एक सर्व्हर हजारो यंत्रांना ‘भाडेकरू बदला’ म्हणून सांगतो. प्रत्येक यंत्रात त्याचा निरोप घेणारा एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम असतो. हा मदतनीस फर्मवेअरमध्येही राहू शकतो.

फर्मवेअर या इमारतीचा वॉचमन. भाडेकरू बदलला, पण वॉचमनच्या वहीत जुनंच नाव असेल तर? नवा माणूस दारात उभा आणि वॉचमन म्हणतोय, ‘अशा नावाचं इथे कुणी राहत नाही.’ प्रोफाइल बदललं की सिम मॉडेमला ‘रिफ्रेश’ नावाचा हुकूम देतं: माझ्याबद्दल जे काही टिपून ठेवलं असशील ते खोड आणि नव्याने वाच. हा हुकूम ऐकून सोडून देणारं फर्मवेअर जुन्याच कंपनीच्या नावाने टॉवरचं दार ठोठावत राहतं. इंटरनेटच्या वाटेचं नाव, म्हणजे एपीएन, कोडमध्येच कोरून ठेवलं असेल तर दार उघडूनही वाट सापडत नाही.

वहीच्या खोड्या आणखी आहेत. सिमच्या पाठीवर १९-२० आकड्यांचा क्रमांक असतो: सुरुवातीला ८९, म्हणजे दूरसंचार, मग ९१, म्हणजे भारत. पुष्कळांनी हाच क्रमांक मीटरची ओळख म्हणून वापरला. पण तो क्रमांक भाडेकरूचा. भाडेकरू गेला की तोही जाणार. फ्लॅटचा स्वतःचा क्रमांक निराळा, ३२ आकडी. वहीत तोच लिहायला हवा. २०१८मध्ये दूरसंचार विभागाने यंत्रांच्या सिमसाठी १३ आकडी नंबर आणले, तेव्हा आपलेही मोबाइल नंबर तेरा आकडी होणार अशी आवई उठली होती. ती खोटी होती, पण ज्या प्रणालींमध्ये नंबरासाठी दहाच घरांचा रकाना होता, त्यांची अडचण खरी होती.

आणि नवा भाडेकरू आलाच नाही तर? नव्या कंपनीची रेंज मीटरच्या त्या बंद खोलीत पोहोचतच नसेल तर? शहाणं फर्मवेअर ठरावीक वेळ वाट बघतं, मग जुन्या प्रोफाइलवर परत फिरतं आणि घडलेलं कळवतं. नवं चालतंय याची खात्री होईपर्यंत जुनं पुसायचं नाही. आणि फर्मवेअरचं अपडेट चालू असताना सिम बदलायचं नाही. घरात रंगकाम काढलंय त्याच दिवशी सामान हलवू नये, तसं.

ही तयारी हौसेची राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये अदानी एनर्जी सोल्यूशन्सचे दोन कोटींहून अधिक स्मार्ट मीटर जोडून देण्याचं काम एअरटेलने जाहीर केलं. मार्च २०२४मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने यंत्रांच्या ई-सिमबद्दल शिफारशी केल्या, त्यात परदेशी प्रोफाइल घेऊन आलेल्या यंत्रांना सहा महिन्यांच्या आत भारतीय प्रोफाइलवर आणण्याचं सुचवलं. जो मीटर आज भिंतीवर चढतो, त्याच्या आतल्या वॉचमनला अजून जन्माला न आलेल्या कंपनीचं नाव उद्या वहीत लिहावं लागेल.

या सगळ्याची एक परीक्षा मला नेहमी आठवते, कारण ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. १२ ऑक्टोबर २०२०, सकाळी दहाच्या सुमारास. जवळजवळ अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. आज तसं झालं तर वीज परतताच लाखो मीटर एकाच क्षणी डोळे उघडतील. सगळ्यांनी त्याच सेकंदाला टॉवरला हाक मारली, तर दादरच्या पुलावर दोन गाड्यांची गर्दी समोरासमोर यावी तशी कोंडी होईल. म्हणून चांगल्या फर्मवेअरमध्ये एक फासा दडवलेला असतो. प्रत्येक मीटर मनाशी एक आकडा टाकतो आणि तेवढे सेकंद गप्प उभा राहतो. कुणाचा सात, कुणाचा तीनशे चाळीस. ना रांगेचा दांडा, ना शिट्टी फुंकणारा हवालदार. तरी रांग लागते.

पुढच्या वेळी वीज जाऊन परत येईल तेव्हा आपण पंखा लागला का ते बघू, फ्रिजची घरघर ऐकू, मुलं ओरडतील. तेवढ्यात जिन्याखाली एक डाळीएवढी चिप १.८ व्होल्टवर जागी होईल. वॉचमन जुन्या वहीवर विश्वास न ठेवता तिला पुन्हा नाव विचारेल, काल विचारलं होतं तरी. ती सांगेल. मग तो आपल्या आकड्याची पाळी येईपर्यंत थांबेल.