कॉम्प्युटर मंद झाला? आधी नोंदी वाचवा, मग दोष शोधा

बचत, कर्ज, आहार, शेळ्या-कोंबड्या यांवर आपण नेहमीच बोलतो. आज बोलू या घरातल्या कॉम्प्युटरबद्दल.

बहुतेक घरांत तो मुलांच्या शिक्षणासाठी आला. कुणी जुना घेतला, कुणी हप्त्यावर. मग हळूहळू गटाचं कामही त्यावर गेलं. बचतीचा तक्ता, अंतर्गत कर्जाचे हप्ते, बँकेला दिलेल्या अर्जांच्या प्रती, पापड-मसाल्याच्या पाकिटांची लेबलं, सगळं त्याच्या पोटात. आणि तोच आता चालू व्हायला दहा मिनिटं घेतो, मधेच हँग होतो, माऊस हलवला तरी बाण जागचा हलत नाही.

अशा वेळी घरात दोनच सल्ले मिळतात. एक, "फॉरमॅट मारून घ्या." दुसरा, "जुना झालाय, नवा घ्या." पहिल्यात गटाच्या नोंदी जाऊ शकतात, दुसऱ्यात पैसे. आमचं सांगणं असं, की आधी नोंदी सुरक्षित करा, मग आत नेमकं काय दमलंय ते पाहा, आणि खर्चाचा विचार त्यानंतर. त्याच क्रमाने सांगतो.

पहिलं काम : नोंदी वाचवा

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. पाटी पुसली की कामाचं आणि बिनकामाचं दोन्ही जातं. दुकानात विंडोज नव्याने टाकतात तेव्हा सहसा सी ड्राइव्ह पुसला जातो. "डी ड्राइव्हला हात लावला नाही," असं ते सांगतात आणि ते खरंही असतं. पण डेस्कटॉपवर, डॉक्युमेंट्समध्ये आणि डाउनलोड्समध्ये आपण जे ठेवतो, ते सहसा सी ड्राइव्हवरच असतं. आमच्याकडच्या एका गटाचा चार वर्षांचा तक्ता असाच गेला. सचिवताईंनी सभासदांची पासबुकं आणि हाताने लिहिलेली वही समोर घेऊन तो पुन्हा भरला. दोन महिने लागले. वही होती म्हणून निभावलं.

तेव्हा काहीही करण्याआधी पेनड्राइव्ह लावा आणि या तीन जागांवरच्या कामाच्या फाइल त्यावर घ्या. हिशेबाचं वेगळं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याचा बॅकअप त्याच सॉफ्टवेअरमधून काढा. मग तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल खरंच उघडतात का ते पाहा. न उघडणारी प्रत काय कामाची? पेनड्राइव्ह कॉम्प्युटरशेजारच्या खणात ठेवू नका. घरात पाणी शिरलं किंवा चोरी झाली तर दोन्ही एकदमच जातील. तो अध्यक्षताईंच्या घरी ठेवा. सभासदांच्या आधारकार्डांच्या आणि पासबुकांच्या प्रती मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका.

डब्यातून टक्-टक् आवाज येत असेल, किंवा काल उघडलेली फाइल आज उघडत नसेल, तर हार्ड डिस्क जायला आली असू शकते. महत्त्वाच्या फाइल तेवढ्या लगेच काढून घ्या आणि कॉम्प्युटर बंद ठेवा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं तर उरलेलंही हातचं जातं.

आत काय असतं?

आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आणा. स्वयंपाक करणारी बाई म्हणजे प्रोसेसर. तिच्यासमोरचा ओटा म्हणजे रॅम. आणि मागची कोठीची खोली म्हणजे हार्ड डिस्क. ज्या डब्याला आपण सरसकट सीपीयू म्हणतो, त्यात हे तिन्ही असतं.

बाई कितीही चपळ असो, ओटा हातभर असेल आणि त्यावर परात, पोळपाट, मिक्सर, भाजीची टोपली एकदम मांडली, तर तिला एक वस्तू कोठीत ठेवून दुसरी आणावी लागणार. कामापेक्षा येरझाऱ्याच जास्त. रॅम भरली की कॉम्प्युटरही तेच करतो, तात्पुरतं सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो. आणि हार्ड डिस्क रॅमच्या मानाने फार हळू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरची चकती फिरते, बहुधा मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. तिच्यावरून सरकणारा एक दांडा माहिती वाचतो. एसएसडी नावाच्या नव्या प्रकारात फिरणारं काही नसतं, म्हणून ती कितीतरी जलद चालते.

कोण दमलंय ते पाहा

सुरुवात रीस्टार्टने करा. शटडाउन आणि रीस्टार्ट एकच, असं आपल्याला वाटतं. पण विंडोज ८ पासून पुढे, लवकर चालू व्हावं म्हणून, शटडाउन करतानाही विंडोज आपला काही भाग डिस्कवर जपून ठेवते. त्यामुळे आत अडकलेली गोष्ट तशीच राहू शकते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

नाही मिटली, तर चालू केल्यावर पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. अगदी लहान चौकट आली तर तिच्या खालच्या 'मोअर डिटेल्स'वर क्लिक करा. वरच्या बाजूला टक्क्यांत आकडे दिसतील. त्यातले तीन वाचा.

मेमरी सतत ९०च्या आसपास असेल तर ओटा भरलाय. इंटरनेटची पंधरा-वीस पानं एकदम उघडी ठेवली की असंच होतं. लागतील तेवढीच ठेवा. एवढं करूनही आकडा उतरला नाही तर रॅम वाढवण्याचा विचार करता येतो.

डिस्क सतत १००ला चिकटलेली असेल तर सगळे कोठीच्या दारात खोळंबलेत. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कवर हे फार दिसतं.

सीपीयू सतत १००वर असेल तर 'सीपीयू' या शब्दावरच क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येईल. त्याचं नाव वहीत लिहून ठेवा.

तिन्ही आकडे कमी आहेत आणि फक्त वेबसाइट उघडायला वेळ लागतो? मग दोष बहुधा इंटरनेटचा. फोनचा हॉटस्पॉट लावून पाहा, फरक लगेच कळेल.

टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' असा भाग आहे. कॉम्प्युटर सुरू होताच कोणकोणते प्रोग्रॅम आपणहून उठतात त्यांची ती यादी. झोपेतून उठल्याउठल्या दारात दहा माणसं उभी राहिली तर आपलीही तारांबळ उडेल. ज्याचं नाव आणि काम माहीत आहे आणि जे सकाळी लागत नाही, त्यावर उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा. त्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. अँटिव्हायरसला आणि अनोळखी नावांना हात लावू नका.

आता 'धिस पीसी' उघडून सी ड्राइव्हची पट्टी पाहा. ती लाल झाली असेल तर जागा संपत आलीय. निदान १५ टक्के जागा मोकळी असावी. लग्नांचे व्हिडिओ, डाउनलोड झालेले सिनेमे दुसरीकडे हलवा आणि रिसायकल बिन रिकामी करा. विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स या नावांच्या फोल्डरमधलं मात्र काहीही पुसू नका.

धूळ, ऊन आणि वीज

कॉम्प्युटर सकाळी बरा चालतो आणि दुपारी रडतो, असं असेल तर उष्णतेचा संशय घ्या. आतला पंखा धुळीने, पिठाने जाम झाला की प्रोसेसर तापतो. तापला की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो, आणि फारच तापला तर बंद पडतो. प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा आणि कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ओलं फडकं नको. वायर जिथे लागते तो विजेचा बंद डबा मात्र कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. लॅपटॉप गोधडीवर ठेवून चालवू नका, त्याची खालची हवा कोंडते.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच, आणि डब्यातून बीप-बीप आवाज, असं झालं तर अनेकदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. दुकानातला मुलगा ती काढून खोडरबराने पुसतो आणि परत बसवतो. एवढंच काम असेल तर नवा कॉम्प्युटर घ्यायची गरज नाही.

डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नीट नाही. आधी वायरमनला बोलवा. आपल्याकडे शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, वीज मधेच जाते. यूपीएस असेल तर फाइल सेव्ह करून नीट बंद करायला वेळ मिळतो.

आणखी एक गंमत. बँकेची वेबसाइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं, आणि कोपऱ्यातली तारीख पाहावी तर कुठल्या तरी जुन्या वर्षाची! आत रुपयाच्या नाण्यासारखा एक छोटा सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना तो घड्याळ चालवतो. तो संपला की तारीख चुकते आणि वेबसाइटचा विश्वास उडतो. तारीख नीट करा, आणि पुन्हा पुन्हा चुकत असेल तर सेल बदला. बहुतेक कॉम्प्युटरना सीआर २०३२ हा सेल लागतो आणि तो स्वस्तात मिळतो.

घाबरवणाऱ्या सूचना

कधी स्क्रीनभर लाल अक्षरं येतात, भोंगा वाजतो, "व्हायरस आला आहे, या नंबरवर फोन करा." फोन करू नका. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन करायला सांगत नाहीत. टास्क मॅनेजरमधून इंटरनेटचा प्रोग्रॅम बंद करा. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून आपल्या स्क्रीनचा ताबा देणारं अ‍ॅप घेऊ नका, ओटीपी सांगू नका. चुकून पैसे गेलेच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा. जितका लवकर, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. विंडोज १० आणि ११ मध्ये व्हायरसपासून संरक्षण फुकट दिलेलं असतं. ते चालू आहे ना, एवढं पाहा.

विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ला थांबली. विंडोज ७ची तर त्याआधीच, जानेवारी २०२०मध्ये. असा कॉम्प्युटर चालतो, पण गटाच्या बँकेचे व्यवहार त्यावर करू नका. तो विंडोज ११ला पात्र आहे का ते दुकानात विचारा. नसेल तर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून तक्ते आणि अर्जांचं काम भागतं.

दुकानात जाताना

"बिघडलाय" एवढंच सांगू नका. कधीपासून, कोणत्या कामाला, कोणता आकडा १००वर होता, ते वहीतून वाचून दाखवा. मग विचारा : काय बदलणार? त्याने आमच्या फाइल पुसल्या जातील का? जुना भाग परत मिळेल ना? पक्कं बिल आणि वॉरंटी किती? जुना कॉम्प्युटर बाकी ठीक असेल तर फिरती डिस्क काढून एसएसडी बसवल्याने मोठा फरक पडतो आणि खर्च नव्या कॉम्प्युटरच्या मानाने बराच कमी येतो. काढलेली जुनी डिस्क भंगारात देऊ नका, तिच्यात सभासदांची माहिती असते.

मैत्रिणींनो, यंत्र आज ना उद्या बिघडणारच. पण गटाचा हिशेब यंत्रापेक्षा मोठा. त्यात प्रत्येकीची पै-पै आहे. म्हणून एक काम पुढच्या बैठकीपासूनच सुरू करा. हजेरी झाली, बचत गोळा झाली, की त्या महिन्याच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि इतिवृत्तात एक ओळ लिहा : "प्रत घेतली, उघडून पाहिली." त्याखाली दोघींच्या सह्या. हाताने लिहायची वहीही बंद करू नका.