बलाहक

पार्से येथील आमच्या घरामागे झापांच्या मांडवात एक मोटार उभी आहे : मर्सिडीझ १८० डी. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकात खाणींचा पैसा गोव्यात खेळू लागला, त्या काळी अशा परदेशी मोटारी तेथे आल्या, आणि १९६१ नंतरही बरीच वर्षे त्या टॅक्सी म्हणून धावत राहिल्या. आमचे थोरले काका हीच गाडी चालवीत. शापोऱ्यावर शिवोली-चोपडे पूल होण्यापूर्वी गाडी फेरीबोटीवर चढविताना ते उतारूंना खाली उतरवीत. स्वतः मात्र चाकावरचा हात सोडीत नसत.

काका आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. गाडी पुन्हा सुरू व्हावी आणि तीत बसून एकदा भगवतीच्या देवळापर्यंत जावे, एवढीच त्यांची इच्छा. मेस्त्रीने गंजका पत्रा कापून नवा जोडला, इंजिन उतरविले. आणि आम्ही परगावी राहणारे पुतणे, ज्यांना साधा पाना धरता येत नाही, आम्ही नाव शोधण्याचे काम पत्करले.

'पुष्पक' तत्काळ बाद झाले. रस्त्यावरची दर दुसरी बस पुष्पक असते. शिवाय ते विमान रावणाने कुबेराकडून हिरावलेले. 'उच्चैःश्रवा' म्हणताच काकांनी डिकीकडे बोट दाखविले. तेथे काळ्या रंगाचे ठिगळ होते. कद्रूने विनतेशी पैज लावली आणि नागांकरवी त्या शुभ्र घोड्याचे शेपूट काळे दाखविले, ती कथा त्यांना लहानपणापासून पाठ. "फसवणुकीची आठवण गाडीवर नको," ते म्हणाले. 'कपिध्वज' भारदस्त खरे. परंतु युद्ध संपून श्रीकृष्ण खाली उतरताच अर्जुनाचा तो रथ जळून भस्म झाला. डिझेल गाडीला हे नाव ठेवण्याचे धैर्य कोणास होईना. कोणी वेताळाचे नाव काढले. पण आमच्या भागातला वेताळ रात्री पायीच फिरतो. त्याला वाहाणा वाहतात, गाडी नव्हे!

शेवटी आम्ही मनातले नाव सांगितले : 'दारुक', श्रीकृष्णाचा सारथी. काकांचा गौरव व्हावा, हा हेतू. काका प्रथम खळखळून हसले. "गोव्यात हे नाव रंगवाल, तर लोक पहिली दोनच अक्षरे वाचतील." मग जरा वेळाने, हळू आवाजात : "सारथ्याचे नाव गाडीला नसते, बाबांनो. सारथी मी आहे. तिला घोड्याचे नाव द्या."

श्रीकृष्णाच्या रथाचे घोडे चार : शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प, बलाहक. बलाहक म्हणजे मेघ. ही गाडी चढावर किती धूर सोडी, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना निवड समजावून सांगावी लागली नाही.

इंजिनाच्या नोझल अद्याप मिळालेल्या नाहीत. काकांची दृष्टी मंदावत चालली आहे, म्हणून पेंटरला आधी बोलावून नाव रंगवून घेतले. काकांनी ओल्या अक्षरांजवळ नाक नेऊन ती वाचली आणि 'ह' थोडा तिरका झाल्याची तक्रार केली.