पावसातला तंबू आणि अंगातली ऊब

सह्याद्रीच्या माथ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये मुक्काम करणाऱ्याला जी थंडी जाणवते, तिचा उलगडा केवळ तापमापकावरील आकड्याने होत नाही. उंचीबरोबर हवेचे तापमान दर हजार मीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सियसने उतरते, त्यामुळे १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर ते समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दहा अंशांनी कमी असते. तरीही ते गोठणबिंदूच्या बरेच वर राहते, आणि हुडहुडी भरते ती मुख्यतः ओल व वारा यांमुळे.

विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाचे शरीर अन्नापासून सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करते आणि तिच्या बळावर आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास राखते. त्याच्या कपड्यांत एक लिटर पाणी मुरले असेल, तर हा ताळेबंद किती बिघडतो ते साध्या गणिताने समजते. द्रवाची वाफ होताना तापमान न वाढता शोषली जाणारी उष्णता, म्हणजेच बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा, त्वचेच्या तापमानाला दर किलोग्रॅम पाण्यामागे सुमारे २,४०० किलोजूल असतो. ही सारी उष्णता शरीरानेच पुरवायची ठरल्यास साडेसहा तासांहून अधिक काळाची निर्मिती केवळ कपडे वाळवण्यात खर्ची पडेल. धुक्यात हवा संपृक्त, म्हणजे आणखी बाष्प सामावू न शकणारी असली, तरी अंगालगतचे कापड हवेपेक्षा उबदार असल्याने बाष्पीभवन पुरते थांबत नाही. शिवाय पाणी हे स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक उष्णतावाहक आहे, आणि भिजलेल्या सुती कापडात ऊब धरणाऱ्या हवेची जागा नेमके पाणीच घेते.

शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. हुडहुडी ही स्नायूंच्या आकुंचनातून उष्णता मिळवण्याची शरीराची धडपड होय. बोलणे अडखळू लागले आणि अंग गारच असताना थरथर थांबली, तर तो आराम नसून गंभीर धोक्याचा इशारा असतो, हे प्रत्येक सोबत्याला ठाऊक असलेच पाहिजे. म्हणून चहाआधी कोरडे कपडे, हा क्रम कधीही मोडू नये.

दुहेरी कापडाच्या तंबूत झोपणाऱ्यांच्या श्वासातील बाष्प थंड बाह्य आवरणावर जमते आणि आतले कापड ते थेंब अंगावर पडू देत नाही. मात्र पावसाच्या भीतीने झरोके बंद केले की आतली हवा दमट होऊन पांघरूणही ओलसर होते. जमिनीकडे जाणारी उष्णता रोखण्यासाठी फोमची चटई लागते, कारण अंगाच्या भाराने स्लीपिंग बॅगचा खालचा भर दबून त्यातील हवा निघून जाते.

घरात हे सारे काम कोणाच्या लक्षातही न येता चालते: भिंती वारा अडवतात, छप्पर पाऊस झेलते आणि कोरडी गादी हवा धरून ठेवते. यांहून विलक्षण आहे ती न्हाणीघरातील सोय. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास सुमारे १,५७० किलोजूल उष्णता लागते. विश्रांत शरीराला तेवढी निर्माण करण्यास चार तासांहून अधिक वेळ लागतो, आणि दोन किलोवॅटचा गीझर ती साधारण तेरा मिनिटांत देतो.