अंधारातल्या जहाजाचा कानोसा

समुद्रात लपणे तसे सोपे. जहाजाचे नाव-ठिकाण सतत सांगणारे 'एआयएस' यंत्र बंद केले, की नकाशावरून जहाज गायब! पण वाट काढायला रडार लागतेच, आणि तिथेच चोरी उघडी पडते.

अमेरिकेतील 'हॉकआय ३६०' या खासगी कंपनीचे ३ छोटे उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये अवकाशात गेले. एकच रेडिओलहर तिघांपर्यंत किंचित मागेपुढे पोहोचते. त्या फरकावरून ती निघाली कुठून, हे कळते. २०२० मध्ये इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांजवळच्या चिनी मासेमारी ताफ्यातील काही 'मुकी' जहाजे अशीच हेरली गेली.

चोर सापडला, याचा आनंदच. मात्र हा कान विकाऊ आहे. उद्या तो कोण विकत घेईल आणि कुणाच्या दाराला लावील?