टार्गेट फोल्डरमधली जुनी फाईल आणि उगाच पास होणारी टेस्ट

एका जावा प्रोजेक्टमध्ये मी वापरात नसलेल्या फाईल्स काढत होतो. टेस्टच्या रिसोर्सेसमधली एक प्रॉपर्टीज फाईल डिलीट केली, लॅपटॉपवर इंटिग्रेशन टेस्ट चालवल्या. सगळ्या पास! कोड पुश केला आणि बिल्ड सर्व्हरवर एक टेस्ट फेल: फाईल सापडत नाही. अर्धा दिवस मी सर्व्हरच्या सेटिंग्ज तपासत बसलो. सर्व्हर बरोबर होता, माझा लॅपटॉपच खोटं बोलत होता.

असं का होतं?

मेव्हन बिल्डमध्ये तयार होणारं सगळं टार्गेट फोल्डरमध्ये ठेवतं. मुख्य कोड 'क्लासेस'मध्ये, टेस्टचा कोड आणि रिसोर्सेस 'टेस्ट-क्लासेस'मध्ये. रिसोर्सेस ते फक्त कॉपी करतं. मूळ फाईल डिलीट केली, तरी आधीची कॉपी तिथेच राहते आणि टेस्ट नेमकी तीच वाचते. आमच्या सर्व्हरवर कोड दरवेळी नव्याने घेतला जातो, त्यामुळे तिथे जुनी कॉपी नसतेच.

इंटिग्रेशन टेस्टमध्ये हा घोळ जास्त होतो, कारण या टेस्ट स्वतःही फाईल्स लिहितात: डेटाबेसची फाईल, लॉग, अपलोड केलेले नमुने. कालच्या रनमधल्या नोंदी आज सापडल्या, की निकाल बदलतो.

मी आता काय करतो?

1. रिसोर्स फाईल काढली किंवा तिचं नाव बदललं, की 'एमव्हीएन क्लीन व्हेरिफाय' चालवतो. क्लीन आख्खं टार्गेट फोल्डर उडवतं. प्रत्येक छोट्या बदलाला क्लीन केलं तर उगाच वेळ जातो, पण पुश करण्याआधी एकदा करतोच.

2. 'इंटिग्रेशन-टेस्ट' या टप्प्यावर न थांबता 'व्हेरिफाय'पर्यंत जातो. फेलसेफ प्लगइन टेस्ट फेल झाली तरी लगेच बिल्ड थांबवत नाही. मधल्या टप्प्यात चालू केलेला सर्व्हर बंद करता येतो आणि मग व्हेरिफायमध्ये बिल्ड फेल होतं.

3. टेस्टला फाईल लिहायची असेल तर ज्युनिट 5 मधलं टेम्पडिर वापरतो. टेस्ट संपली की ते फोल्डर आपोआप जातं. सोर्स फोल्डरमध्ये टेस्टला काहीही लिहू देत नाही.

4. टेस्ट फेल झाली तर पुन्हा क्लीन करण्याआधी 'फेलसेफ-रिपोर्ट्स' पाहतो. हे रिपोर्टही टार्गेटमध्येच असतात, क्लीन केलं की पुरावाच गेला!

5. बिल्ड सर्व्हरवर डाउनलोड केलेल्या लायब्ररी कॅश करतो, टार्गेट कधीच नाही.

टार्गेटमधली कुठलीही गोष्ट सोर्समधून पुन्हा तयार करता आली पाहिजे. फोल्डर उडवल्यावर टेस्ट फेल होत असेल, तर ती आधीही खऱ्या अर्थाने पास नव्हतीच.