माहूरच्या वाटेवरचा वाटाड्या

यवतमाळात बसून किल्ले दाखवण्याचा व्यवसाय करायचा म्हटलं, की समोरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, इथं दाखवणार काय? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांतले ११ महाराष्ट्रात आणि १ तामिळनाडूत. विदर्भातला एकही नाही. त्यात कुणी डावललं असंही म्हणता येत नाही, कारण ती यादी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेची होती आणि वऱ्हाडाचं मध्ययुग प्रामुख्यानं यादवांचं, गोंडांचं, बहमनींचं आणि इमादशाहीचं. मात्र या उत्तरामुळे एक गैरसमज पक्का होतो: जिथं अवशेष भव्य, तिथं वाटाड्या हवा, जिथं चार दगड उरले, तिथं त्याचं काय काम? माझ्या मते हिशेब नेमका उलटा आहे. रायगडाच्या महादरवाजात उभं राहिलेल्या माणसाला कुणी काही सांगितलं नाही तरी तो दबून जातोच. लोहाऱ्याच्या देवळासमोर किंवा माहूरच्या पडक्या तटापाशी तसं होत नाही. तिथं जोडणारा माणूस नसेल, तर दगड नुसते दगडच राहतात. अशा मुलखात एका दिवसाची, एका गाडीतल्या पाच-सहा जणांची मार्गदर्शित सहल ही चैन नाही. तो मुलूख समजून घेण्याची तीच सोयीची पद्धत आहे.

हे काम सहलीच्या आधीच, नकाशा पुढे घेऊन सुरू होतं, आणि तिथं आजचा जिल्हा बाजूला ठेवावा लागतो. यवतमाळ जिल्ह्याचं हे नाव १९०५ चं. त्याआधी तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. त्या आधीच्या काळातला माणूस या भूमीकडे सरकार आणि परगण्यांच्या हिशेबानं पाहत होता. मोगलांच्या हाती वऱ्हाड १५९६ मध्ये आलं आणि ‘आईन-इ-अकबरी’त त्याची मोजदाद झाली. तीत कळंब हे एक सरकार आहे, माहूर दुसरं, माणिकदुर्ग तिसरं. आणि आजचं जिल्ह्याचं ठिकाण त्यात ‘योत-लोहारा’ या जोडनावाचा एक परगणा म्हणून दिसतं. म्हणजे ज्या कळंबला आज लोक चिंतामणीच्या दर्शनापुरतं थांबतात, ते तेव्हा कारभाराचं मोठं ठाणं होतं, आणि यवतमाळ शेजारच्या लोहाऱ्याचा हात धरून चालत होतं. ही उतरंड एकदा लक्षात आली की सहलीची रेघ आपोआप आखली जाते. ती पैनगंगा ओलांडून नांदेड जिल्ह्यात जाते, कारंजाकडे वळली तर वाशीम जिल्ह्यात, वणीवरून निघाली तर चंद्रपुरात. पर्यटनाच्या सरकारी पुस्तिका मात्र जिल्ह्याच्या सीमेवर येऊन थांबतात. टिपेश्वरच्या अभयारण्यात जन्मलेला ‘वॉकर’ हा वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला आणि तेलंगणात डोकावून, सुमारे तीन हजार किलोमीटर फिरून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला कुणी जिल्हा विचारला नाही. किल्ल्यांच्या बाबतीत तेवढं शहाणपण अजून आलेलं नाही.

माहूरची रेघ घेऊ. यवतमाळहून आर्णी, धनोडा, पैनगंगेचा पूल आणि माहूर, असा दीड-दोन तासांचा रस्ता. जाणता वाटाड्या आधी तिथी बघतो. नवरात्रात आणि पौर्णिमेला रेणुकेच्या दर्शनाची गर्दी असते, त्या दिवशी किल्ला पाहायचं नाव काढू नये. पावसाळा सरता सरता तटावर गवत कमरेपर्यंत येतं, पायाखालचा चिरा दिसत नाही आणि जनावराचं भय असतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४ अंशांवर जातो. उरतात दिवाळीनंतरचे तीन-चार महिने, आणि त्यातही सकाळ. दगडावरचं कोरीव काम तिरप्या उन्हात उठून दिसतं, माथ्यावरच्या उन्हात सपाट होतं. म्हणून कोरीव काम आधी आणि मोकळा तट, तलाव, नदीचा देखावा नंतर, असा क्रम लावावा लागतो. प्यायचं पाणी कुठं, बायकांची सोय कुठं, जेवण ढाब्यावर की बरोबर बांधून घेतलेल्या भाकरी-ठेच्यावर, चालक घाटात कसा आहे, यातलं एकही सुटलं तर दुपारी दोननंतर कुणाचं लक्ष इतिहासाकडे राहत नाही. मार्गदर्शनाच्या अभ्यासक्रमात या गोष्टी परिशिष्टात टाकतात. त्या पहिल्या पानावर हव्यात.

वाटेवर आधी लोहारा येतो, थोडी वाट वाकडी केली तर. तिथलं कमलेश्वराचं देऊळ हेमाडपंती म्हणून प्रसिद्ध आहे. इथं वाटाड्याला पहिली संधी मिळते आणि बहुतेक वेळा ती वाया जाते. ‘हेमाडपंतानं बांधलं’ एवढं सांगून तो पुढे सरकतो. खरं तर हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री आणि या पद्धतीची देवळं त्याच्या आधीपासून बांधली जात होती. महत्त्वाची आहे ती पद्धत: चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले घडीव काळे दगड, वजनावर तोललेलं छत, तुळईसारखे आडवे चिरे. हे पाच मिनिटं बोटानं दाखवलं की बघणाऱ्याच्या डोळ्याला एक मोजपट्टी मिळते. दुपारी माहूरच्या तटात तो स्वतःच म्हणतो, इथं चुना दिसतो, म्हणजे हे काम वेगळं. एका दिवसात तीन ठिकाणं दाखवायची ती यासाठी. पहिल्या ठिकाणी शिकवलेलं दुसऱ्या ठिकाणी वापरता आलं पाहिजे. नुसती संख्या वाढवायला कळंब, केळापूर, माहूर, उनकेश्वर एका दमात उरकणारा माणूस प्रवास घडवतो, ओळख घडवत नाही.

माहूरला पोचल्यावर बहुतेकांची पावलं देवीकडे वळतात, आणि तिथं घाई करू नये. साडेतीन शक्तिपीठांतलं हे एक पूर्ण पीठ. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची कुलदेवता. दर्शन उरकल्यावर किल्ल्याकडे येणाऱ्या माणसाचं मन मोकळं असतं. आता हत्ती दरवाजात उभं राहून काय सांगायचं? पराक्रमापेक्षा आधी रचना. वाट सरळ आत का येत नाही, पहारेकऱ्यांच्या देवड्या कुठं, अडसर सरकवायची खोबण भिंतीत किती खोल गेली आहे, हत्तीला धावायला मोकळी जागा कुठं मिळाली नसती. मग काळ. पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी माहूर घेतलं. महमूद गावाननं राज्याच्या चार तरफांच्या, म्हणजे प्रांतांच्या, आठ केल्या तेव्हा वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे झाले, आणि माहूरवर खुदावंदखान नावाचा हबशी सरदार बसला. आफ्रिकेतून आलेल्या माणसाच्या हाती पैनगंगेकाठचा मुलूख होता, हे वाक्य ऐकून शाळकरी मुलंही थबकतात. पुढे १६२३ मध्ये बापाविरुद्ध बंड केलेला शाहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, मोगल फौज मागे लागली असता इकडे आला. हत्ती आणि जड सामान त्यानं याच किल्ल्यात उदाराम या सरदाराच्या हवाली केलं आणि तो गोवळकोंड्याच्या मुलखातून ओरिसा-बंगालकडे गेला. त्याच उदारामाच्या घराण्याची सून रायबागन. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेबरोबर शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली ती हीच. खिंड सह्याद्रीत, पण त्या लढाईचा एक धागा पैनगंगेकाठी बांधलेला आहे.

इथं सगळ्यात वजनदार आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. गाईड तिखट-मीठ लावतात. किल्ल्यातून भुयार थेट अमक्या गावाला निघतं, तळ्यात सोन्याची साखळी आहे, या बुरुजावर परीस सापडला, अशा गोष्टी राज्यातल्या प्रत्येक गडावर ऐकू येतात आणि माहूर त्याला अपवाद असण्याचं कारण नाही. आक्षेप घेणारे म्हणतात, खोटं ऐकण्यापेक्षा काही न ऐकलेलं बरं. मला हे पटत नाही, पण आक्षेपातला राग रास्त वाटतो. उपाय गोष्टी बंद करण्यात नाही. प्रत्येक गोष्टीचा दर्जा सांगण्यात आहे. खुर्रमचं सामान माहुरात राहिलं ही मोगल दरबाराच्या बखरीतली नोंद. रायबागनचं उंबरखिंडीत सापडणं ही परमानंदाच्या ‘शिवभारता’तली हकीकत, म्हणजे महाराजांच्या बाजूनं लिहिलेल्या काव्यातली, ती तशीच सांगावी. रेणुका आणि जमदग्नी ही श्रद्धा. तिला पुरावा मागायचा नसतो आणि तिच्यावरून तटबंदीचं वयही ठरवायचं नसतं. माहूरची ‘पांडवलेणी’ हे लोकांनी दिलेलं नाव. लेणी खोदणारे पांडव नव्हेत. हे चार आवाज वेगवेगळ्या सुरात सांगता येणं, हे या कामातलं खरं कौशल्य आहे. तसं सांगणाऱ्या माणसाला भुयाराची गोष्टही खुशाल सांगता येते. ऐकणाऱ्याला ती कोणत्या खणात ठेवायची ते कळलेलं असतं.

युरोपातल्या किल्ल्यांशी तुलना करणारे इथं थोडी गफलत करतात. वेल्समधला कॉन्वीचा किल्ला आणि गावकूस एडवर्ड पहिल्यानं १२८३ ते १२८७ या चार-पाच वर्षांत उभा केला, आणि त्या बांधकामाच्या खर्चाचे हिशेब आजही दप्तरात आहेत. तिथला वाटाड्या गवंड्याच्या मजुरीपर्यंत बोलू शकतो. आपल्याकडे तसं दप्तर बहुतेक ठिकाणी हाताशी नाही, म्हणून आपला वाटाड्या कच्चा, असा निष्कर्ष निघतो. पण कॉन्वीचं गावकूस जेमतेम सव्वा किलोमीटरचं. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट अकरा किलोमीटरांच्या घरात जातो. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे, पाच खिडक्या, आणि वेशीवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचं गोंड राजचिन्ह, हे सगळं आजही रहदारीच्या मधोमध उभं आहे. कागद नाही तिथं जमीन, पाणी आणि दगड वाचावे लागतात. ते काम जास्त कठीण आहे आणि त्यासाठी त्या भूमीत वाढलेला माणूस लागतो. कारंजाचं उदाहरण तर बोलकं आहे. त्या गावाच्या वेशींची नावं दिल्ली, मंगरूळ, पोहा आणि दारव्हा. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या नावानं कारंजाला वेस असावी, यातच व्यापाराच्या वाटा कुठून कुठं जात ते आलं. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेला कारंजा लुटण्याजोगं का वाटलं, याचं उत्तर त्या वेशींपाशी सापडतं.

मोबाइलवर सगळं मिळतं, मग पैसे का द्यायचे, हा प्रश्न फार वेळ खाण्याच्या लायकीचा नाही. मोबाइल तारीख सांगेल. समोरच्या भिंतीतली खालची रांग जुनी आणि वरची नंतरच्या डागडुजीची, हे तो सांगत नाही. पैशाचा प्रश्न मात्र खरा आहे. खासगी गाडी, खासगी वाटाड्या, म्हणजे पुन्हा ज्यांच्या खिशात आहे त्यांचाच इतिहास. याला याच परिसरात दोन उत्तरं तयार आहेत. टिपेश्वरला सफारीच्या प्रत्येक गाडीत गाईड घ्यावाच लागतो. तो आसपासच्या गावांतला असतो, त्याला वनखात्यानं तयार केलेलं असतं आणि त्याचे पैसे ठरलेले असतात. वाघ दिसला नाही तरी त्याची मजुरी बुडत नाही. चंद्रपुरात ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी २०१७ मध्ये परकोट साफ करायला घेतला, महिनोन्‌महिने झाडोरा उपटला आणि पुढे त्याच तटावरून लोकांना फिरवायलाही सुरुवात केली. त्या वर्षी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख झाला. पहिली पद्धत रोजगाराची, दुसरी स्वयंसेवेची. एक दुसरीला मारक नाही. रविवारच्या फेरीत तयार झालेला मुलगा आठवड्यात खासगी सहली घेऊन पोट भरू शकतो, आणि शाळेची बस आली तर तीच माहिती कमी पैशात देऊ शकतो. वाघ दाखवण्याला कौशल्य मानून मोबदला देणाऱ्या समाजानं तट दाखवण्याला फुकटची बडबड का समजावं, हे मला उमगत नाही.

राहता राहिला, सांगायचं कुणी हा मुद्दा. वणी-केळापूर पट्ट्यात गोंड आणि कोलाम वस्त्या आहेत. चंद्रपूरच्या राजवटीची आठवण त्यांच्या घरात पुस्तकाआधी पोचलेली आहे. पांढरकवड्याजवळ सिवनीला १७ एप्रिल १८१८ रोजी कर्नल ॲडम्सनं दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेचा पराभव केला. तिथं दाखवायला किल्ला नाही, नुसतं रान आहे, आणि रान वाचणारा माणूस गावातलाच असतो. या गावांतल्या मुलांकडून तारखांचं पाठांतर करून घेण्याआधी त्यांची एक परीक्षा घ्यावी. एका अनोळखी दरवाजासमोर उभं करून विचारावं: यातलं तुला दिसतं काय, तू वाचलंस काय, आजीकडून ऐकलंस काय, ते वेगवेगळं सांग. पुण्याहून आलेल्या अभ्यासकाला पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नात ही मुलं सहज मागे टाकतील. दुसऱ्या प्रश्नासाठी यवतमाळच्या वाचनालयात ‘आईन’ आणि जुनी गॅझेटियर मराठीत मिळायला हवीत, आणि माहूर, कारंजा, चंद्रपूर या तिन्ही ठिकाणी चालेल असा एकच परवाना. सध्या तो कुणाकडे मागायचा, नांदेडला, वाशीमला की चंद्रपूरला, यावरच उमेदवाराची पहिली दमछाक होते.